एकेचाळीस अमेरिकन सह्यांची निरवानिरव

मी, दत्तराव भुजंगराव खंदारे, वय वर्षे सत्याहत्तर, धर्म बौद्ध, निवृत्त उपडाकपाल, राहणार गंगाखेड, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, चहा घेऊन झाल्यावर लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि मला कोणती नशा नाही. शुद्धीचा दाखला देताना डॉक्टरांनी मला वार, महिना आणि सातचा पाढा विचारला. मी त्यांना सतराचा म्हणून दाखवला. पुढचा पेशंट खोळंबला म्हणून त्यांनी एकोणतीसचा म्हणू दिला नाही.

सन २०११ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. ते आजपासून रद्द समजावे. त्यातल्या शेवटच्या कलमात मी असे लिहिले होते की, माझ्या अंत्यविधीला माधवराव विनायकराव पाथरीकर, निवृत्त शिक्षक, यांना येऊ देऊ नये, कारण ते चोर आहेत. माधवराव चोर नाहीत. हे एक वाक्य लिहिण्यासाठी मी हा सगळा कागद नव्याने करतो आहे. घरदार वगैरे त्यासोबत उरकून घेतो.

कलम १. गंगाखेड येथील माझे स्वकष्टार्जित घर, दोन खोल्या, ओसरी व मागचे न्हाणीघर, माझ्या पश्चात पत्नी सरजाबाई हिच्या मालकीचे होईल. वकिलांनी कच्च्या मसुद्यात ‘तिच्या हयातीपर्यंत’ असे लिहून आणले होते, ते मी खोडले. ती काय भाडेकरू आहे? या घराच्या विटा तिने डोक्यावर वाहिल्या, तेव्हा मी ऑफिसात पंख्याखाली बसून शिक्के मारत होतो. पुढे कोणाला द्यायचे ते तिचे ती बघेल. मुलगा नागेश पुण्याला इंजिनिअर आहे, त्याचे स्वतःचे घर आहे. मुलगी सुकेशनी चुडाव्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिचेही बरे चालले आहे. दोघांनी आईला विचारून वागावे.

घराच्या उत्तरेच्या भिंतीला शेजाऱ्यांनी मला न विचारता चार खुंट्या ठोकल्या आहेत. मागच्या मृत्युपत्रात त्या उपटून टाकाव्यात असे होते. आता राहू द्याव्यात. त्यांचे कपडे वाळतात, आपली भिंत काही झिजत नाही.

कलम २. पोस्टातली ठेव व बचत खाते यांवर वारसाची नोंद झालेली आहे. ज्याने अडतीस वर्षे काउंटरवर बसून लोकांना ‘वारस नोंदवा, वारस नोंदवा’ म्हणून बजावले, त्याने स्वतःचे राहू दिले असते तर लोक हसले असते. याविषयी अधिक लिहीत नाही.

कलम ३. आता सह्या. माझ्याकडे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन पुढाऱ्यांच्या एकेचाळीस सह्या आहेत. लिंकनची नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण बावन्न वर्षे मला दुसरा प्रश्न कोणी विचारलेला नाही.

हा नाद कसा लागला ते मुलांना अर्धवट माहीत आहे. सन १९७३ मध्ये मी नवा कारकून होतो. तिकिटे जमवणाऱ्यांचे एक अमेरिकन मासिक ऑफिसच्या रद्दीत आले होते. त्यात वाचले, की त्यांच्या काँग्रेसचा सभासद लिफाफ्याला तिकीट लावत नसे. उजव्या कोपऱ्यात, तिकिटाच्या जागी, तो स्वतःची सही करायचा आणि पत्र फुकट जायचे. १८७३ साली ती सवलत बंद झाली, पुढे वेगळ्या रूपाने परत आली. मी टपालातला माणूस. आमच्याकडे बिनतिकिटाचे पत्र म्हणजे बेरंग, घेणाऱ्याने दुप्पट भरून सोडवायचे. आणि तिकडे माणसाचे नावच तिकीट!

माझ्या वडिलांना सही येत नव्हती. जन्मभर अंगठा. छप्पन सालानंतर त्यांनी नाव लिहायला शिकायला घेतले, रोज पाटीवर गिरवायचे. ‘भुजंग’पर्यंत आले आणि गेले. ज्यांच्या नुसत्या नावाने टपाल हलते ती माणसे आपले नाव कसे लिहीत असतील, हे मला एकदा डोळ्यांनी बघायचे होते. एकदा बघितले आणि मग थांबता आले नाही.

पण कारकुनाच्या पगारात अमेरिकन सह्या येत नाहीत. त्या आल्या माधवरावांमुळे. ते इथल्या शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांचे आजोबा निजामाच्या अमदानीत तहसिलीत पेशकार होते. घरात पेटीभर जुनी पाकिटे होती, त्यांवर हैदराबाद संस्थानची उर्दू अक्षरांची तिकिटे. अमेरिकेत अशा तिकिटांचे वेडे लोक होते. मग आम्ही अदलाबदल सुरू केली. आजोबांची पाकिटे त्यांची, इंग्रजी त्यांचे. पत्ते शोधणे, वजन, रजिस्ट्री, कस्टमचे कागद हे माझे. सह्या आमच्या घरी राहायच्या, कारण त्यांच्या घराला वाळवी होती. मालकी कोणाची, हे आम्ही एकवीस वर्षांत एकदाही बोललो नाही. बोललो असतो तर बरे झाले असते.

संग्रहातल्या काही सह्यांची ओळख वारसांना असावी म्हणून लिहितो. चार्ल्स सम्नर, ज्याला गुलामगिरीविरुद्ध भाषण केले म्हणून सिनेटच्या सभागृहात काठीने बडवले. थॅडियस स्टीव्हन्स, ज्याने काळ्यांनाही जागा देणाऱ्या स्मशानातच आपल्याला पुरावे असे ठरवून ठेवले. हेन्री विल्सन, हा लहानपणी शेतावर बांधील मजूर, पुढे जोडे शिवणारा, आणि शेवटी देशाचा उपाध्यक्ष. सरजाबाईची ही आवडती सही. ती त्याला ‘आपला विल्सन’ म्हणते. त्याचा लिफाफा दाखवायचा असला की आधी हात धुऊन येते.

जॉन कॅल्हून याचीही सही आहे. गुलामगिरी ही चांगलीच गोष्ट आहे असे भर सभागृहात सांगणारा हा माणूस. नागेशने लहानपणी विचारले होते, की बाबा, याला कशाला ठेवले? मी म्हणालो, शत्रूचेही अक्षर ओळखता आले पाहिजे. तो अल्बमात पालथा ठेवला आहे. पालथाच राहू द्यावा.

कलम ४. बेचाळिसावी सही होती, ती नाही. तिच्याविषयी खरे काय ते लिहितो.

ती जोसेफ रेनी याची होती. साउथ कॅरोलायनाचा. जन्म गुलामीत. बाप न्हावी, त्याने वस्तऱ्यावर कमावून घरच्यांना सोडवून घेतले. हाच मुलगा १८७० साली त्यांच्या लोकसभेत जाऊन बसला, तिथे बसलेला पहिला काळा माणूस. त्याने १८७२ साली पाठवलेला एक लिफाफा, उजव्या कोपऱ्यात तिकिटाऐवजी त्याचे नाव, ओहायोतल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाने १९९१ साली आम्हाला दिला. बदल्यात त्याने माधवरावांच्या आजोबांची उरलेली एकोणीसच्या एकोणीस पाकिटे मागितली. माधवरावांनी पेटी रिकामी केली. लिफाफा आला त्या दिवशी सरजाबाईने पुरण घातले. माधवराव ओसरीवर बसून त्या सहीवरून बोट फिरवत होते, पण कागदाला लावत नव्हते. वरूनच, हवेतून.

१९९४ च्या श्रावणात त्यांनी तो शाळेत दाखवायला म्हणून नेला. दोन दिवसांत आणतो म्हणाले. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले. निवृत्तिवेतनाचा दिवस होता, काउंटरवर गर्दी होती. माधवराव पोस्टकार्डे घ्यायला आले. मी म्हणालो, “लिफाफा कुठाय, माधवराव?”

ते म्हणाले, “पेटीत टाकला.”

“कोणत्या पेटीत?”

“तुमच्याच. बाहेरच्या लाल पेटीत.”

पेटीतले एकेक टपाल माझ्या हाताखालून जायचे. अमेरिकन लिफाफा आला असता तर मी झोपेत ओळखला असता. आणि सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कागदाची किंमत ज्याला माहीत आहे तो माणूस घरापासून दोनशे पावलांवरच्या मित्राला तो पेटीत टाकून पाठवील? मला ते धादांत खोटे वाटले. मी सगळ्या लोकांसमोर म्हणालो, “चोर हाव तुमी.”

ते काहीच बोलले नाहीत. पोस्टकार्डे काउंटरवरच ठेवून निघून गेले. त्या गप्प बसण्याने माझी खात्रीच पटली.

हे मी कोणाला म्हणालो तेही लिहून ठेवतो, म्हणजे माझी अक्कल किती ते वारसांना कळेल. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव आमच्या लोकांची घरे जळत होती, तेव्हा हा माणूस आठ दिवस शाळा सुटल्यावर आमच्या ओसरीवर खुर्ची टाकून पेपर तपासत बसायचा. रस्त्याने जाणारे थांबून विचारायचे, मास्तर, इथे कशाला? तर म्हणायचे, “उजेड इथं चांगला येतो.”

त्यानंतर एकतीस वर्षे आम्ही बोललो नाही. पोस्टकार्ड घ्यायलासुद्धा ते परळीला जायचे. त्यांच्या नावाचे टपाल आले की शिक्का मी स्वतः मारायचो, तोही इतक्या जोरात की पोस्टमन सितारामने एकदा मला हात जोडून थांबवले.

कलम ५. यंदा फेब्रुवारीत माझ्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्याला पट्टी, वाचायची मनाई. सरजाबाईने संधी साधून माझ्या कच्च्या वह्या रद्दीला काढल्या. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी रोज दोन-चार ओळी लिहिल्या आहेत, आज ऑफिसात काय वेगळे घडले ते. सरजाबाई प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकली आणि तेव्हापासून तिने एक नियम केला आहे, वाचल्याशिवाय कागद टाकायचा नाही. वाण्याच्या पुडीचासुद्धा. म्हणून ती एकेक वही मोठ्याने वाचत होती आणि मी पडल्या पडल्या ऐकत होतो.

चौऱ्याण्णवची वही निघाली. तिने वाचले, “राखीचा भर. पेटीतून सितारामने एक खाकी पाकीट आणले. तिकीट नाही, पत्ता नाही. वर एवढेच, ‘ज्याचे त्यास’. कोणी येडा दिसतो. नियमाप्रमाणे आरएलओकडे रवाना.”

आरएलओ म्हणजे जिथे पत्ता न लागणारे टपाल जाते ते ऑफिस. असले पाकीट उघडण्याचा अधिकार फक्त त्यांना. आम्ही उघडायचे नाही.

तिने विचारले, “आवं, हे पाकीट कोणाचं व्हतं?”

“कोणाला माहीत. येड्याचं.”

“तारीख बगा की. माधवभावजी लिफाफा कवा घेऊन गेले व्हते?”

“श्रावणात,” मी म्हणालो.

“पेटीत टाकला म्हणले ते. तर उघडाच टाकला असंल व्हय? ज्यो मानूस त्या सहीला बोट लावीत नव्हता, त्यो पाकिटात घालूनच टाकील की. तुमी उघडून का न्हाई पायलं?”

“दुसऱ्याचं टपाल उघडायचा मला अधिकार नव्हता.”

“दुसऱ्याचं कशाचं,” ती म्हणाली, “तुमचंच व्हतं की.”

अडतीस वर्षांत मी कोणाचे पत्र उघडले नाही, ही माझी बढाई. लग्नात, सभेत, निरोपाच्या भाषणात, सगळीकडे मारून झालेली. मी डोळ्यांसमोर आणून बघितले. राखीच्या ढिगात ते पाकीट हातात आहे, मी हसतो आहे, सितारामला दाखवतो आहे, आणि नियमाने पिशवीत टाकतो आहे. आतमध्ये रेनी. त्याच्या नावावर एके काळी अमेरिकेचे टपाल फुकट जायचे आणि मी त्याला बिनतिकिटाचा म्हणून हाकलले. ज्या उपडाकघरात हे घडले त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ऑफिसची चूक नव्हती, माझी होती.

सितारामला बोलावून विचारले. त्याला आठवत होते. “हाव साहेब, खाकीच व्हतं. तुमीच म्हणलाव, लाव आरएलओला. मी म्हणलं बी, उघडून बगावं का, तर तुमी मला नियम सांगितलाव.”

आरएलओला पत्र लिहिले. इतक्या जुन्या बेवारस टपालाची नोंद शिल्लक नाही, असे सभ्य उत्तर आले. बरोबरच आहे. रेनी गेला.

आता खरे सांगतो. मला आधी लाज वाटायला हवी होती. ती आली, पण दोन दिवसांनी. आधी आले ते वेगळेच. छातीवरून कोणी पोते उतरवून ठेवावे तसे झाले. माधवराव चोर नव्हता! एकतीस वर्षे मला वाटत होते की मला माणूस ओळखता आला नाही. ओळखता आला होता. माणूस बरोबर होता, मीच चुकलो होतो, आणि माझे चुकणे मला चालण्यासारखे होते. त्या दिवशी पट्टी बांधलेल्या डोळ्याने मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

कलम ६. पट्टी निघाल्यावर मी आणि सरजाबाई ऑटो करून माधवरावांकडे गेलो. घर दोनशे पावलांवरच, पण पायी निघालो असतो तर अर्ध्या वाटेतून परत फिरलो असतो. ते ऐंशीचे झाले आहेत, ऐकायला कमी येते. दार उघडले, मला बघितले आणि म्हणाले, “या. उन्हाचं कशाला आलात?” जणू मी कालच येऊन गेलो होतो.

मी वही समोर ठेवली. त्यांनी भिंग घेऊन वाचले. बराच वेळ वाचत होते, ओळी तर चारच होत्या. मी म्हणालो, “माधवराव, मी चुकलो. लोकांसमोर म्हणालो होतो, लोकांसमोर परत घेतो. काउंटरवर जाऊन घेऊ का?”

“त्या लोकांतले आता कोण राहिलंय,” ते म्हणाले.

“तुम्ही तेव्हाच का सांगितलं नाही, खाकी पाकिटात घातला होता म्हणून?”

ते म्हणाले, “तुम्ही विचारलं नाही.” आणि खिडकीकडे बघायला लागले. ते खरेच होते. एवढा एक प्रश्न मी विचारला असता, तर आरएलओला दुसऱ्या दिवशी तार करून लिफाफा परत मागवता आला असता.

भिंतीवर अंबिकावहिनींचा फोटो होता, हार घातलेला. त्या गेल्या त्याला चार वर्षे झाली. मी गेलो नव्हतो. मी फोटोकडे बघतो आहे हे पाहून माधवराव म्हणाले, “सरजावहिनी आल्या होत्या. तेरा दिवस रोज येत होत्या.” मी सरजाबाईकडे बघितले. ती म्हणाली, “तुमाला सांगायचं काय काम व्हतं? भांडण तुमचं व्हतं, माझं न्हाई.”

तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही बसतो. एक आठवडा त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. एकतीस वर्षांचे बोलणे बाकी आहे आणि निम्मे त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे ते पुन्हा सांगावे लागते. मला त्याची काही हरकत नाही.

कलम ७. सह्यांचे काय करायचे, यावर घरात मतभेद झाला. नागेश म्हणाला, विका. त्याचे चुकत नाही, त्याला यात रस नाही आणि तो खोटे बोलत नाही. मी ठरवले की निम्म्या सह्या माधवरावांच्या नावे कराव्यात. ते दान नव्हे, त्यांच्या आजोबांच्या पेटीतूनच त्या आल्या आहेत. वकील धम्मानंद यांनी कागद तयार केला आणि विचारले, साक्षीदार कोण? मी म्हणालो, माधवराव आणि सिताराम. तर वकील म्हणाले, “काका, ज्याला मिळायलंय त्यानं साक्षीदार होऊ नये. उद्या कोणी बोट दाखवलं तर सगळा कागदच वादात जातो. मास्तरांना एक काय ते निवडू द्या. वाटा, नाहीतर सही.”

माधवरावांना मोठ्याने सांगितले. त्यांनी विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही. “वाटा नको. सही करतो.” मी पुष्कळ समजावले. शेवटी ते चिडले आणि म्हणाले, “मी त्या लिफाफ्यांना आता हातसुद्धा लावणार नाही, दत्तराव. जास्त विचारू नका.” मला ते समजले नाही, पण एकदा न विचारता पस्तावलो होतो, म्हणून पुन्हा दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी चहाचा विषय काढला. म्हातारपणीचा हट्ट असेल म्हणून मी सोडून दिले.

सबब एकेचाळीस सह्या, अल्बम, पत्रव्यवहाराच्या फायली व माधवरावांच्या हस्ताक्षरातली इंग्रजी पत्रांची कच्ची प्रत, हे सगळे मुलगी सुकेशनी हिला मिळेल. ती दरवर्षी चुडाव्याला पोरांना या सह्या दाखवते. तिच्या वर्गातली पोरे विल्सनचे नाव पाठ म्हणतात, लिंकनची सही कुठाय असे विचारत नाहीत. तिला पुढे विकाव्याशा वाटल्या तर विकाव्यात, पण फोडून विकू नयेत. कॅल्हूनसकट विकाव्यात. त्याला एकट्याला कोणी घेणार नाही.

कलम ८. किरकोळ. भिंग आणि लिफाफे धरायचा चिमटा सुकेशनीला. पत्रे तोलायचा पितळी काटा नागेशला, त्याला लहानपणी त्यावर चिंचोके तोलायचा नाद होता. आठवत नसेल तर आईला विचारावे. सायकल सितारामला. तिचे ब्रेक लागत नाहीत, त्यालाही पूर्वीसारखे जोरात जाता येत नाही.

परभणीच्या एका कार्यक्रमात एका व्याख्यात्याने स्टेजवरून माझ्या संग्रहाला ‘लिंकनच्या एकेचाळीस सह्या’ असे म्हटले होते आणि मी उभा राहून दुरुस्ती केली तर मला खाली बसवले होते. त्यांना मागच्या मृत्युपत्रात मी तीन परिच्छेद दिले होते. ते तिन्ही मागे घेतो. माणूस चांगला बोलला होता, फक्त एका नावाने चुकला होता. मी एका माणसाने चुकलो.

माझी लोखंडी शिडी ज्या कोणाकडे आहे त्याने ती परत आणून द्यावी. हे मात्र मागे घेत नाही.

कलम ९. माझ्या अंत्यविधीला बडेजाव नको. त्रिशरण-पंचशील म्हणावे, कोणी भाषण करू नये, फार तर सुकेशनीने दोन वाक्ये बोलावीत. माधवराव पाथरीकर यांना बोलवायला कोणीतरी स्वतः जावे. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. त्यांना खुर्ची द्यावी आणि ओसरीवर, उजेड जिथे चांगला येतो तिथे बसवावे. ते माझ्या आधी गेले तर मी जाईन, मला नेण्याची जबाबदारी नागेशची.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी नागेश व सुकेशनी यांनी मिळून करावी. भांडण झाले तर आईपुढे जावे. तिचा निकाल अखेरचा. तिने एकतीस वर्षांपूर्वीही ‘माधवभावजी चोर न्हाईत’ असा बरोबर निकाल दिला होता, मी ऐकला नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला आणि सरजाबाईने मला मोठ्याने वाचून दाखवला. तिने दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले. मला मरणाची घाई नाही, पण आता कधीही चालेल, इतका मी मोकळा झालो आहे.

ठिकाण: गंगाखेड
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

(सही) दत्तराव भुजंगराव खंदारे

साक्षीदार क्रमांक १. मी, माधवराव विनायकराव पाथरीकर, वय ऐंशी, राहणार गंगाखेड. दत्तरावांनी वरील सही माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत केली. वकील म्हणतात साक्षीदाराने एवढेच लिहावे. माझे थोडे अधिक आहे.

कलम चार व सहा यांतला मजकूर खरा आहे, पण पुरा नाही. १९९४ साली लिफाफा शाळेत दाखवून झाल्यावर मी तो परत केला नाही. तेरा दिवस तो माझ्या कपाटात होता. आजोबांची पेटी रिकामी झाली होती आणि मला वाटत होते की हा माझा आहे, हा द्यायचा नाही. अंबिकाने विचारले तर दत्तरावांना परत दिला म्हणून मी तिला सांगितले. चौदाव्या दिवशी मला स्वतःची शिसारी आली. दत्तरावांच्या हातात ठेवायला तोंड नव्हते. म्हणून पाकिटात घातला, नाव लिहायलासुद्धा हात धजला नाही, दोन शब्द लिहिले आणि दुपारी कोणी नाही असे बघून पेटीत टाकला. काउंटरवर त्यांनी मला चोर म्हटले तेव्हा मी उत्तर दिले नाही, कारण तेरा दिवस मी होतोच. मला आता कोणताही वाटा घेता येत नाही तो यासाठी.

हा मजकूर मी सही करण्याआधी दत्तरावांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी डोळे पुसले, ऑपरेशन झालेला डोळा जपून पुसला, आणि मला ऐकू जावे म्हणून ओरडून म्हणाले, “तेराच दिवस ना? मी एकतीस वर्सं चुकलो. सही करा आता, ऊन चढायलंय.”

(सही) माधवराव विनायकराव पाथरीकर

साक्षीदार क्रमांक २. दत्तराव साहेब व पाथरीकर सर, दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) सिताराम माणिकराव भराडे, निवृत्त पोस्टमन